तो हौदा मल्लूनं पाडला नाही

ट्रॉलीचा हौदा खाली आला तेव्हा तू त्याच्याखाली वाकलेली होतीस. मी ट्रॉलीच्या उजव्या अंगाला फावडं घेऊन उभी होते. मल्लू ट्रॅक्टरच्या सीटवर होता. धप्प असा एकच आवाज आला. तुला ओरडायलाही मिळालं नाही, महानंदा. शेणखताचा चुरा उडून माझ्या डोळ्यांत गेला. पदरानं डोळे पुसून बघितलं, तर तुझे पाय तेवढे बाहेर दिसत होते.

मल्लू उडी टाकून आला आणि खांदा लावून हौदा उचलायला लागला. भरलेला हौदा माणसाच्या खांद्यानं उचलत नसतो. त्याला ते कळत होतं, तरी तो खांदा लावत राहिला. "माय, सरक. माय, थोडी सरक," एवढंच म्हणत होता. मी देवणीच्या रस्त्याकडं पळाले. तिथं नालीचं काम चालू होतं. जेसीबीवाला आला, त्यानं हौदा उचलला, लोकांनी तुला ओढून काढलं. तोवर तू गेली होतीस.

मग गर्दीतलं कुणीतरी ट्रॅक्टरवर चढलं आणि म्हणालं, "दांडा तर खाली हाय."

तुझ्या मरणापेक्षा ते एक वाक्य गावात जास्त फिरलं.

ज्यांच्या घरी डंपिंगची ट्रॉली नाही त्यांच्यासाठी सांगते, तुला सांगायची गरज नाही. ट्रॅक्टरच्या मागं तेलाचं एक तोंड असतं. त्याला ट्रॉलीचा पाइप जोडायचा. सीटजवळचा दांडा वर केला की तेल त्या तोंडातून पाइपात, पाइपातून जॅकमध्ये जातं आणि जॅक हौद्याला पुढून उचलतो. दांडा खाली केला की हौद्याच्या वजनानं तेच तेल त्याच पाइपातून, त्याच तोंडातून माघारी येतं आणि हौदा बसतो. जायची वाट आणि यायची वाट एकच. म्हणून दांडा खाली सापडला म्हटल्यावर लोकांनी हिशोब लावला, की पोरानंच दांडा खाली केला आणि पोटच्या पोराच्या हातानं माय मेली.

मी तिथंच होते, पण माझी नजर हौद्याकडं होती. मल्लूच्या हाताकडं नव्हती. हौदा वर जात असताना पंपाची जी शिट्टी येते ती अगदी शेवटपर्यंत येत होती का, हे मला कितीतरी जणांनी विचारलं. येत होती असं म्हटलं असतं तर पोरगं तिथल्या तिथं सुटलं असतं, कारण दांडा खाली केला की शिट्टी बंद होते. पण मला आठवत नाही. जे आठवत नाही ते आठवतं असं मी तुझ्यासाठीसुद्धा म्हणणार नाही.

त्या सकाळचं आपलं भांडण मात्र मला पूर्ण आठवतं. त्या तोंडातून जोर कमी येतोय यावर आपल्या दोघींचं एकमत होतं. बऱ्याच दिवसांपासून हौदा दमल्यासारखा उचलत होता. कशामुळं, यावर आपलं जमत नव्हतं.

"अक्का, पंप मेलाय ह्याचा. कवापासून सांगून राहिले मी तुला."

"पंप मेला आसता तर शिट्टी कोण मारून राहिलंय? तेल बघ आधी."

"तेल बघितलं."

"मंग परत बघ."

"तू ना अक्का, मेलेल्या माणसालाबी परत एकदा उठून बस म्हणशील."

मल्लू वर सीटवर हसत होता. जावाजावांचं भांडण त्याला लहानपणापासून करमणूक. मग हौदा अर्ध्यावर जाऊन थांबला. तू म्हणालीस, "रुसला बग नवरदेव." आणि पदर खोचून खाली वाकलीस. मी ओरडले, "टेकू लाव आधी!" तू म्हणालीस, "जॅकमधून तेल गळून राहिलंय का बघते नुसतं. बघायला टेकू कशाला?"

माझ्याशी बोललेलं तुझं हे शेवटचं. टेकूचा ओंडका ट्रॉलीच्या चाकापाशी पडलेला होता. तुझ्या हाताला लागेल इतका जवळ. मला तुझा राग आहे आणि तो तू गेलीस म्हणून कमी झालेला नाही.

खरं सांगायचं तर सुरुवातीची बरीच वर्षं तू मला आवडली नाहीस. तू धाकटी जाऊ म्हणून आलीस आणि आल्या आल्या माझ्या चुलीची जागा हलवलीस, धूर घरात येतो म्हणून. धूर येणं बंद झालं, पण ते मी कधी मान्य केलं नाही. पुढं माझे मालक गेले, मग भाऊजी गेले. घरात दोन बाया, शाळेतला मल्लू आणि अंगणात ट्रॅक्टर. डायवर आज येतो उद्या येतो म्हणायचा. तू एक दिवस म्हणालीस, "अक्का, दुसऱ्याचे हात जोडून पेरणी व्हत नसती," आणि चढलीस वर. पहिल्याच दिवशी धुऱ्यावरची बोर आडवी केलीस. लोक हसले. तू खाली उतरून बोरीचे काटे टायरमधून काढलेस आणि परत चढलीस. त्या दिवसापासून तू मला आवडायला लागलीस. हे मी तुला सांगितलं नव्हतं. आता सांगते.

तुझ्या मातीला तुझा भाऊ नायगावहून आला. शिवलिंगअप्पा तसा वाईट माणूस नाही, पण दुःखात तोंड सुटतं त्याचं. लिंगायतांच्या रीतीनं स्वामींनी तुला खड्ड्यात बसवलं, बेल ठेवला, विभूती ठेवली, आणि माती द्यायची वेळ आली तेव्हा अप्पा सगळ्यांसमोर मल्लूला म्हणाला, "तू नको. तुझ्या हातानं नको." मल्लूनं उचललेली माती मुठीतच ठेवली. मी अप्पाला तिथं काही बोलले नाही. तुझ्यासमोर तमाशा नको म्हणून.

घरी आल्यावर मल्लू जेवेना. ट्रॅक्टरकडं बघेना. बायको-लेकरांशी बोलेना. मी त्याच्यापुढं भाकरी ठेवून बसले, तेव्हा म्हणाला, "मोठीमाय, माझा हात लागला का न्हाई, मलाच ठाव न्हाई. मी रोज आठवून राहिलो. कधी वाटतं लागला, कधी वाटतं न्हाई."

मी म्हटलं, "तुला ठाव नसंल. ट्रॅक्टरला ठाव आसंल."

सगळे म्हणाले, विकून टाका. अप्पा म्हणाला, भंगारात घाला. मी सांगितलं, मला कळल्याशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या म्हातारीला काय कळणार, असं तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण चेहऱ्यावर होतं. असू दे. मला एवढंच कळून घ्यायचं होतं की तोंडाचा जोर का गेला. कारण हौदा अर्ध्यावर थांबला नसता तर तू वाकली नसतीस.

देवणीहून रफीक मिस्त्रीला बोलावलं. त्यानं आल्या आल्या टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "मावशी, पंप बदला. जुन्या गाडीला दुसरं काय ऱ्हातंय?"

"महानंदाबी हेच म्हणायची. दाखव मला पंप गेलेला."

"दाखवायला खोलावा लागतो."

"खोलायच्या आधी दाखव."

तो हसला, पण कामाला लागला. आधी तेलाची पट्टी काढली. तेल खुणेपर्यंत होतं. फेस नाही, दुधाळपणा नाही. म्हणजे मी हरले. मग त्यानं तेल गाळायची खालची जाळी काढली. थोडा गाळ होता, तो धुतला, बसवली, काही फरक पडला नाही. मग मी म्हटलं, मागं नांगर जोड आणि त्याच्यावर दगडाची पोती टाक. नांगर उचलणाऱ्या लिफ्टला तेल देणारा पंप तोच आहे. रफीकनं लिफ्टची दांडी ओढली. नांगर पोत्यांसकट असा झटक्यात वर आला, की वरचं पोतं घसरून त्याच्या पायाजवळ पडलं.

"पंप जिता हाय मावशी," तो पाय चोळत म्हणाला.

म्हणजे तूही हरलीस. आपण एवढे दिवस भांडत होतो आणि दोघीही चूक होतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, तू जास्त चूक.

पंपात जोर आहे, तेल आहे, लिफ्ट उचलते, मग फक्त ट्रॉलीलाच जोर का मिळत नाही? अडचण पंपाच्या पुढं आहे. रफीकनं पाइप काढून त्यातून हवा मारली, आरपार गेली. राहिलं ते मागचं तोंड. त्या तोंडात एक गोळी असते. पाइप लावला की ती आत दबते आणि तेलाला वाट देते. रफीकनं बोटानं दाबली. दबली, पण थोडीशीच. त्यानं तारेनं आत कोरलं, तर तारेला खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीसारखी पांढरट करडी, घट्ट वस्तू आली.

"चुना भरलाय का कुणी ह्याच्यात?"

मी ती बोटावर घेतली. नाकाला लावायची गरज नव्हती. मी ती रोज कपाळाला लावते.

दर सोमवारी पूजा झाली की तू ओली विभूती वाटीत घेऊन ट्रॅक्टरपाशी जायचीस. बॉनेटला तीन बोटं, दोन्ही दिव्यांना तीन बोटं, स्टेअरिंगला, आणि मग मागं जाऊन त्या तेलाच्या तोंडाला. त्याचं टोपण कधीचं हरवलेलं. मी म्हटलं होतं, तिथं कशाला? तर म्हणालीस, "अक्का, सगळा जोर हितून येतोय. ह्याला पयले लावाय पायजे." लेकरू रोज त्याच्यावर बसतंय म्हणून लावायचीस, हे मला माहीत होतं. ओली विभूती आत ओघळायची, वाळायची, तेलात मुरायची. पुढच्या सोमवारी तिच्यावर दुसरा थर.

मल्लू तिथंच उभा होता. त्याला कळलं. "म्हंजी मायनंच..." एवढंच म्हणाला आणि ओट्यावर बसला.

मी त्याला समजावत बसले नाही. ते खरं होतं. तुझ्या विभूतीनं तोंड कोंदलं, म्हणून हौदा रांगत होता. मी त्याच्यापासून ते लपवलं नाही आणि इथं तुझ्यापासूनही लपवत नाही. भक्ती केलीस ती चूक नव्हती. जागा चूक होती.

रफीकनं चिंधी डिझेलमध्ये बुडवली. तो ती आत घालणार तेवढ्यात मी त्याचं मनगट धरलं.

"थांब. साफ करू नको. जशी होती तशी राहू दे."

"मावशी, डोकं फिरलं का तुमचं? साफ करायलाच बोलावलं ना मला?"

"रफीक, तेल वर जायची वाट हीच ना?"

"हाव."

"खाली यायचीबी हीच?"

"हाव, हीच. दुसरी कुठली ऱ्हाणार?"

"मंग वर जायला ज्याला एवढा येळ लागून राहिला, ते खाली एका झटक्यात कसं आलं?"

रफीकच्या हातातली चिंधी हातातच राहिली. मल्लूनं मान वर केली. तुझी माती झाल्यापासून पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं.

मी अप्पाला नायगावहून बोलावून घेतलं. तो येत नव्हता. मी फोनवर सांगितलं, "ज्याला सगळ्यांसमोर बोललात, त्याच्यासाठी सगळ्यांसमोर बघायला या." आला. आपल्या ट्रॉलीचा जॅक खालच्या जोडातून तुटला होता, म्हणून शेजारच्यांची ट्रॉली आणली. तिच्यात तुझ्याच उकिरड्याचं ओलं शेणखत भरलं. गावातले लोक जमले. मी दोन्ही बाजूंनी दोर बांधला आणि सांगितलं, दोराच्या आत कुणी पाय टाकला तर फावडं डोक्यात घालीन.

पाइप त्या कोंदलेल्या तोंडाला लावला. मल्लूला वर बसायला सांगितलं.

"मोठीमाय, माझ्याच्यानं व्हत न्हाई. रफीकला बसव."

"रफीकचा हात कुणाला बघायचा न्हाई. तुझाच पायजे."

तो चढला. दांडा वर केला. शिट्टी सुरू झाली. हौदा तसाच रांगत निघाला. अर्ध्यावर थांबल्यासारखा झाला, पण रफीकनं एक काठी लावून दाखवली. तो थांबलेला नव्हता. केसाकेसानं सरकत होता. तुला तो थांबलेला वाटला आणि तू वाकलीस.

मी म्हटलं, "मल्लू, आता दांडा खाली कर. पुरा खाली."

त्यानं डोळे मिटले. दांडा पार खाली दाबला. शिट्टी बंद झाली. गर्दीतल्या एका बाईनं अगं बाई म्हणून तोंडाला पदर लावला.

हौदा बसायला लागला. म्हैस बसते तसा. आधी थोडा, मग विचार करून अजून थोडा. रफीकनं बिडी पेटवली, निम्मी ओढली, तरी हौदा हवेतच होता. कुणीतरी म्हणालं, "बसंल, बसंल, घाई काय हाय त्याला." लोक हसले. अप्पा हसला नाही. तो हौद्याकडं बघत होता आणि त्याच्या गालावरून पाणी येत होतं. शेवटी म्हणाला, "एवढ्या येळात माझी भयीण बाहेर येऊन, पदर झटकून, चार शिव्या घालून गेली आसती."

"मंग ऐका अप्पा," मी म्हटलं. "पोराचा हात लागला आसंल किंवा नसंल. ते कुणालाच ठाव न्हाई. पण ह्या वाटेनं हौदा तसा पडूच शकत न्हाई."

"मंग पडला कशानं?"

रफीक आपल्या ट्रॉलीपाशी गेला. जॅकच्या पायाचा तो तुटलेला जोड सगळ्यांनी बघितला होता आणि सगळ्यांनी ठरवलं होतं, की हौदा पडला म्हणून तो तुटला. रफीकनं तो चिंधीनं पुसला आणि अप्पाला जवळ बोलावलं. तुटलेल्या जागेचा अर्धा भाग नव्या पत्र्यासारखा चमकत होता. अर्धा भाग तांबडा होता, गंजलेला. जिथं गंज होता तिथं वेल्डिंग आधीच कधीतरी फाटलं होतं आणि पाणी पिऊन बसलं होतं. राहिलेल्या अर्ध्यावर आपण खताच्या खेपा करत होतो. त्या सकाळी ओलं वजन, हौदा अर्ध्यावर ताटकळलेला, आणि राहिलेला अर्धा जोड सुटला. जॅक आडवा झाला. तेलाचा, पाइपाचा, दांड्याचा काही संबंध नव्हता.

दांडा खाली कसा सापडला, हे मला आजही सांगता येणार नाही. उडी टाकताना मल्लूचा गुडघा लागला असेल. जेसीबीच्या गोंधळात कुणी ओढला असेल. शोधत बसायचं मी सोडून दिलं.

अप्पा मल्लूपाशी गेला. म्हणाला, "भाच्या, उतर खाली. उन्हात किती बसशील." मल्लू उतरला आणि मामाच्या खांद्यावर डोकं ठेवून असा रडला, की जमलेले लोक आपापल्या कामाला निघून गेले. त्या दुपारी त्यानं भाकरी खाल्ली. कोरडी म्हणून कुरकुर पण केली. मला बरं वाटलं.

गावातल्या काही बाया मला हळूच विचारतात, विभूतीनंच असं केलं म्हणजे देवाचाच कोप म्हणायचा का? मी सांगते, देवाला मध्ये आणू नका. जोड फाटला होता तो आपण बघितला नाही. हौद्याखाली जायच्या आधी टेकू लावायचा असतो, तो महानंदानं लावला नाही. दोन्ही माणसांची कामं होती. मेलेल्या माणसाची चूक सांगायची नसते असा रिवाज आहे. पण तुझी चूक सांगितली नाही तर उद्या दुसऱ्या कुणाची बाई अशीच नुसतं बघायला वाकेल. म्हणून मी सांगत राहणार. तुला राग आला तर येऊ दे. तुझा राग मी खूप सोसला आहे.

तोंड आता साफ केलंय. त्याला टोपण बसवलंय. रफीककडून जॅकचा जोड नवा करून ट्रॉलीला लोखंडी टेकू जोडून घेतलाय. हौदा वर गेला की तो आडवा घातल्याशिवाय मी कुणाला पुढं जाऊ देत नाही, मल्लूला तर नाहीच. हौदा आता चांगला उचलतो. पहिल्यांदा तसा उचलला तेव्हा मी तुला हाक मारणार होते, बघ म्हणून. मग लक्षात आलं.

राहिलेलं खत मल्लूनं रानात नेऊन टाकलं. पेरणी त्यानंच केली. नायगावहून अप्पा दोन-चार दिवसांनी फोन करतो आणि आधी भाच्याची चौकशी करतो, मग माझी.

त्या सकाळी ट्रॉलीपाशी आपण तिघं होतो. तू मेलीस. मल्लू वाचला. मी वाचले.